काकूने घासलेला शिक्का

शाचोंचा शिक्का खरा की खोटा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. बाकी सगळं ठरलेलं होतं. दुकान बंद होणार, इमारत पाडणार, आणि माझी नोकरी जाणार हे तर कुणी न सांगताच ठरलं होतं.

शाचो म्हणजे मालक. जपानी ऑफिसात साहेबाला शाचो म्हणतात. आमचं ऑफिस कसलं डोंबलाचं, टोकियोतल्या एका जुन्या बाजारगल्लीतलं हान्कोचं दुकान ते. हान्को ही इथल्या माणसाची सही. बोटाएवढा शिक्का, त्याच्या तोंडावर आडनाव कोरलेलं. लाल शाईच्या गादीवर टेकवायचा आणि कागदावर उठवायचा. बँकेत खातं उघडा, घर भाड्याने घ्या, लग्न करा नाहीतर मोडा, हान्को काढा. शाचोंनी जन्मभर लोकांची आडनावं उलटी कोरली, म्हणजे कागदावर ती सुलटी उठावीत. शिवाय दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांनी जगभरचे जुने शिक्के जमवून ठेवले होते आणि त्या खोलीला ते म्युझियम म्हणायचे. मी त्या म्युझियमची गाईड, दुभाषी, केर काढणारी आणि चहावाली. नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीपायी पुण्याहून इथे आलेली, घरात बसून वैतागलेली बाई मी. आठवड्यातले काही दिवस ग्योतोकुच्या आमच्या घरून तोझाई लाईनच्या गाडीने टोकियोत जायचे. नवरा म्हणायचा, "तुझ्या म्युझियममध्ये माणसांपेक्षा शिक्के जास्त." रागवायची सोय नव्हती, कारण ते खरं होतं.

त्या खोलीच्या मधोमध एका वेगळ्या काचेच्या पेटीत एक पितळी शिक्का होता. मोठ्या पेढ्याएवढा, पाठीमागे धरायला कडी. त्याच्या तोंडावर दोन डोक्यांचा गरुड आणि भोवती गोल फिरत गेलेली ग्रीक अक्षरं. शाचो सांगायचे, हा अल्बेनियाच्या राजाचा शिक्का. कोणता राजा? तोच, मध्ययुगात तुर्कांच्या सुलतानाशी डोंगरातल्या किल्ल्यांवरून लढलेला, मूठभर माणसं घेऊन. पुण्यात वाढलेल्या बाईला ही गोष्ट निम्मी सांगितली तरी पुरते, उरलेली निम्मी तीच सांगते. पहिल्याच दिवशी मी तोंड उघडून म्हणाले, "आमच्याकडेही असे एक होऊन गेले." शाचो म्हणाले, "मग ही पेटी तुम्ही नीट पुसाल." आणि फडकं माझ्या हातात दिलं.

या राजाचा म्हणून सांगितला जाणारा एक शिक्का उत्तर युरोपातल्या एका मोठ्या संग्रहालयात आहे, आणि त्यावरून विद्वानांची जुनी भांडणं आहेत. त्याच्यावरच्या पदव्या फार भारदस्त. या लोकांचा सम्राट, त्या लोकांचा राजा. काहीजण म्हणतात, एवढ्या पदव्या तो बापडा स्वतःला लावणारच नाही, हे मागाहून कुणीतरी त्याच्या नावावर खपवलंय. काहीजण म्हणतात, खराच आहे. आमच्याकडचा शिक्का त्याच्या धाकट्या भावासारखा होता. जरा लहान, आणि पदव्याही कमी. शाचोंचा सगळा जोर याच्यावरच. "खऱ्या माणसाला एवढं ओरडून सांगावं लागत नाही," ते म्हणायचे. येईल त्या पाहुण्याला हेच वाक्य, आणि मी त्याचं इंग्रजी करायचे. शेवटी शेवटी तर ते झोपेतही करू शकले असते.

पण हा शिक्का त्यांना सापडलेला नव्हता. तो काकूला सापडला होता. काकू म्हणजे शाचोंची बायको. तोंडाने मी तिला इथल्या रीतीप्रमाणे हाक मारायचे, पण मनातल्या मनात ती काकूच होती. लग्नानंतर दोघं इटलीला फिरायला गेले होते. तिथल्या एका बंदराच्या गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात शाचो भलतंच काहीतरी बघत उभे होते. काकूने त्यांची बाही ओढली आणि म्हणाली, "अगं बाई, हे दोन तोंडांचं कोंबडं बघा!" शाचोंनी तो शिक्का हातात घेतला, त्यावर हाऽऽ करून श्वास सोडला, जसा इथे हान्को उठवण्याआधी सोडतात, आणि खिशातल्या कागदावर दाबला. मग तिथेच ठरवलं की हा खरा. दुकानदार काय म्हणाला, ते त्यांनी नीट ऐकलंही नव्हतं. ही गोष्ट काकू सांगायची तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि शाचो खिडकीबाहेर बघत बसायचे.

मला नोकरीवर ठेवलं तेही काकूनेच. मी घराच्या करारासाठी हान्को बनवायला आले होते. माझं लांबलचक आडनाव त्या बोटाएवढ्या तोंडावर कसं बसवायचं, यावर आम्ही दोघींनी डोकं फोडलं, मग चहा प्यायलो, आणि उठताना तिने विचारलं, "इंग्रजी येतं ना? मग ये की." माझं जपानी तेव्हा दिव्य होतं. ती एक चूक सोडायची नाही. गिऱ्हाईकासमोर चुकले तर टेबलाखालून पायाला पाय लावायची. माझी आई गेली तेव्हा मला पुण्याला पोचता आलं नाही. काकूने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. एक संत्रं सोलून, शिरा काढून, एकेक फोड माझ्या हातावर ठेवत राहिली. तिच्याविषयी मला काय वाटतं ते एवढ्यावरून ओळखा.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला इथे शिक्क्यांचा दिवस असतो. झिजलेले, तडकलेले, मेलेल्या माणसांचे हान्को लोक देवळात नेऊन देतात, त्यांचे आभार मानतात, प्रार्थना होते, मग ते जाळतात. आपण खंडेनवमीला हत्यारं पुजतो, त्याच्या जवळपासचं काहीतरी. त्याच्या आदल्या दिवशी काकू काचेच्या पेटीतून राजाला बाहेर काढायची. दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरायची आणि पितळेची पावडर, जुना टूथब्रश, फ्लॅनेलचं फडकं घेऊन बसायची. मग घासणं सुरू. खाचाखाचांत ब्रश घालून. गरुडाच्या चोचीत, पंखांत, प्रत्येक ग्रीक अक्षरात. मी मदतीला हात पुढे केला की हातावर चापट. "हा माझा आहे," म्हणायची. तासभर घासल्यावर तो असा लखलखायचा की गल्लीतून जाणारे थांबून बघायचे.

आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं यायची. इथे प्रत्येक स्टेशनात, देवळात, संग्रहालयात आठवणीचा शिक्का ठेवलेला असतो, पोरं वह्या घेऊन तो उठवत हिंडतात. फरक एवढाच की बाकी सगळीकडे तो रबराचा असतो. आमच्याकडे काकू स्वतः राजाच्या शिक्क्यावर हाऽऽ करायची, लाल शाईच्या गादीवर टेकवायची आणि प्रत्येकाच्या कार्डावर दोन डोक्यांचा गरुड उठवून द्यायची. माझ्या लेकीलाही मिळाला होता. उठवून झाला की लगेच पुसायचा, खाचांतली शाई काढायची. शिक्का वापरून न पुसता ठेवणं म्हणजे इथे अगदी गबाळेपणा.

मला यात काही वावगं वाटलं नाही. कसं वाटेल? माझी आई दर सणाआधी देव चिंचेने घासायची. आमच्या देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेला नाक नाही, डोळे नाहीत, हातातली पळी कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो ते कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी घासघासून ती गुळगुळीत केलीय. आणि आई ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. नाक शाबूत असलेली अन्नपूर्णा म्हणजे परवा बाजारातून आणलेली. हे मी काकूला सांगितलं तेव्हा ती घासायची थांबली आणि म्हणाली, "म्हणजे तिचे खूप लाड झाले." मग परत घासायला लागली.

काकू एका थंडीत आजारी पडली आणि उन्हाळा बघायला राहिली नाही. त्यानंतरच्या ऑक्टोबरात शाचोंनी पेटी उघडलीच नाही. पावडरचा डबा, ब्रश आणि फडकं गल्ल्याखालच्या खणात तसंच पडलेलं होतं. खण उघडला की त्या पावडरचा वास यायचा आणि शाचो तो खण उघडायचं टाळायचे. मीही.

धंदा तर कधीचाच आचके देत होता. सरकारने म्हटलं, कागदावर आता हान्कोची गरज नाही. मग कंपन्यांनी म्हटलं. मग करोनाच्या काळात तर नुसता शिक्का मारायला ऑफिसात जाणाऱ्या माणसांची टिंगल टीव्हीवर झाली. शाचो टीव्ही बघत म्हणाले, "टिंगल करतात ते बरोबरच आहे." मला म्हणावंसं वाटलं, अहो, चिडा तरी! पण ते चिडणाऱ्यातले नव्हते. चिडायचं काम आमच्या दुकानात माझ्याकडे होतं.

मग इमारत पाडायची नोटीस आली. शाचोंना मूलबाळ नव्हतं. वॉर्डाच्या संग्रहालयाने वरच्या खोलीतले शिक्के घ्यायची तयारी दाखवली. तिथला एक तरुण अधिकारी आला, फार नम्र, फार नीटनेटका. सगळं बघून म्हणाला, बाकीचं घेऊ. मधल्या पेटीपाशी थांबून म्हणाला, हा खरा असेल तर आम्ही तो दर्शनी भागात ठेवू. पण नक्कल असेल तर क्षमा करा, नकलांना आमच्याकडे जागा नाही. कुणा जाणकाराकडून तेवढं बघून घेता येईल का?

तो गेल्यावर शाचो कितीतरी वेळ पेटीसमोर उभे होते. मग मला म्हणाले, "ओकुसान, संग्रहालयात वस्तूखाली पाटी असते ना, तिच्यावर शोधणाऱ्याचं नाव लिहितात का हो?" ओकुसान म्हणजे बाईसाहेब, अशीच मला हाक मारायचे. मी म्हणाले, लिहितात की. "मग तिचं लिहायला लावू," ते म्हणाले. "मी खूप शिक्के कोरले, पण ते सगळे आता देवळात जाळायला जातील. तिने एक शोधला. तेवढा राहिला पाहिजे."

तर हे असं होतं. माणसाला म्हातारपणी दुसरं काही नको होतं. काचेमागे एक खरा शिक्का आणि त्याच्या खाली बायकोचं नाव.

जाणकार शोधायचं काम माझ्याकडे आलं. टोकियोतल्या एका विद्यापीठात वर्षभरासाठी एक अल्बेनियन बाई आली होती, मध्ययुगीन शिक्क्यांचाच अभ्यास करणारी. मी तिला ईमेल केला आणि दुसऱ्याच दिवशी तिचं उत्तर आलं. मला वाटलेलं, कुणी चष्मेवाली आजीबाई असेल. आली ती माझ्याहून लहान, पाठीला सॅक, धापा टाकत, कारण स्टेशनच्या चुकीच्या दाराने बाहेर पडली होती. शाचो काकूच्या अंत्यसंस्कारानंतर पहिल्यांदाच सूट घालून उभे होते.

तिने शिक्का हातात घेतला. मग मला इंग्रजीत म्हणाली, "यांना सांगा, बघायच्या आधीच मला हा खरा असावासा वाटतोय. म्हणून मी जास्त कडक बघणार आहे." मी सांगितलं. शाचोंनी कमरेत वाकून नमस्कार केला. मला ती तेव्हाच आवडली, आणि तिची भीतीही तेव्हाच वाटली.

लॅपटॉपला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिने शिक्का धरला. धातू तपासायचं पिस्तुलासारखं यंत्रही तिने कुणाकडून तरी मागून आणलं होतं. दुपारभर बघत राहिली. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला. जाताना म्हणाली, तुलना करून पुढच्या आठवड्यात सांगते. त्या आठवड्यात शाचोंनी वरची खोली स्वतः झाडून काढली. मला पाटीचा मजकूर विचारत राहिले. नावाआधी 'पत्नी' लिहायचं की नुसतंच नाव? मी म्हणाले, नुसतंच. त्यांना ते पटलं.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा सॅक खांद्यावरून उतरवायच्या आधीच मला तिच्या तोंडावरून कळलं. पण मला कळलं ते चुकीचं होतं. मला वाटलं, खोटा निघाला.

"धातू जुना असू शकतो," ती म्हणाली. "नसूही शकतो. त्याच्यावरून ठरत नाही. ठरलं असतं ते कोरणाऱ्याच्या हत्याराच्या खुणांवरून. खाचांत अडकलेल्या जुन्या मेणावरून. शेकडो वर्षांत धातूवर जो थर चढतो, त्याच्यावरून. यातलं काहीही उरलेलं नाही. कुणीतरी हा वर्षानुवर्षं पावडर लावून घासला आहे. खाचांत पॉलिश आहे आणि लाल शाई आहे, दुसरं काही नाही. माझा अंदाज विचाराल तर, बाई, उत्तर या शिक्क्यातच होतं. ते कुणीतरी पुसून टाकलं."

शाचो माझ्या तोंडाकडे बघत होते. हातांच्या मुठी गुडघ्यांवर, शाळेतल्या मुलाच्या असतात तशा.

मी म्हणाले, "त्या म्हणतात, काळाने फार झिजलाय. त्यामुळे नक्की सांगता येत नाही."

खोटं नव्हतं अगदी. पण शाचो लॅपटॉपकडे वळले. पडद्यावर गरुडाची मान मोठी करून दाखवलेली होती. खाचेत लाल रंग, आणि त्याच्या आजूबाजूला बारीक बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने. ज्या माणसाने जन्मभर भिंगातून खाचाच बघितल्या त्याला मी काळाने झिजलंय म्हणून सांगत होते. त्यांनी त्या ओरखड्यांवर बोट ठेवलं, तिच्याकडे बघितलं आणि हवेत दात घासल्यासारखा हात हलवला.

"ब्रश?"

"ब्रश," ती म्हणाली.

तिथे दुभाषी लागला नाही. खालच्या गल्लीत एका सायकलचा ब्रेक वाजला. मग शाचो खुर्चीवरून उठले, तिच्यासमोर उभे राहिले आणि इतके खाली वाकले की मला त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसले. "आमच्या घरातल्या माणसाच्या हातून चूक झाली," ते म्हणाले. "तुमच्या देशाची वस्तू होती. क्षमा मागतो." मी ते इंग्रजीत सांगितलं. ती पोरगी गडबडून उठली, नाही नाही म्हणायला लागली, तिच्याही डोळ्यांत पाणी. "मला तर हा खरा हवा होता हो," ती मला म्हणाली, "तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त."

शाचो परत बसले. त्यांनी लॅपटॉपवरचे ते ओरखडे परत एकदा बघितले. मग म्हणाले, "ओकुसान, एवढं विचारा. समजा हा मुळातच खोटा असेल. अलीकडेच कुणीतरी प्रवाशांना फसवायला बनवलेला. तर मग घासल्याने काय बिघडलं?"

मी विचारलं. ती म्हणाली, "मग काहीच बिघडलं नाही. पुसून जायला काही नव्हतंच."

"मग खोटा आहे असं लिहून द्या," शाचो म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मी परत विचारलं. ते त्याच शांत आवाजात परत म्हणाले, खोटा आहे असं लिहून द्या, मी विनंती करतो. आणि मग लख्ख कळलं, आणि मला त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं. जन्मभर ज्या शिक्क्याला खरा खरा म्हणून हा माणूस जगाशी भांडला, तो आता खोटा हवा होता. खोटा ठरला तर काकूने काही बुडवलं नाही. खोटा ठरला तर तरुणपणी एक मूर्ख नवरा इटलीत फसला, एवढंच.

अल्बेनियन बाईने नाही म्हणून मान हलवली. फार हळू बोलली, मला नीट सांगता यावं म्हणून. "मी हा खरा आहे असं म्हणू शकत नाही. तसंच खोटा आहे असंही म्हणू शकत नाही. ठरवता येत नाही, एवढंच मला लिहिता येईल. आणि ते कधीच ठरणार नाही."

मला तिचाही राग आला. काय बिघडलं असतं एक शब्द लिहिला असता तर? कुणाचं राज्य जाणार होतं? पण तिचं बरोबर होतं, म्हणूनच राग जास्त होता. जाताना तिने शिक्का दोन्ही हातांनी शाचोंना परत दिला आणि दारात मला म्हणाली, "घासणारं माणूस कोण होतं?" मी म्हणाले, "ज्यांना तो सापडला त्याच." तिने सॅक पाठीला अडकवली आणि मी तिला स्टेशनचं बरोबर दार कोणतं ते सांगितलं.

घरी आले तर लेक तिच्या टेबलावर अभ्यास करत होती. टेबलासमोरच्या भिंतीवर ते लाल गरुडाचं कार्ड अजून टाचलेलं आहे. मी काय झालं ते मराठीत सांगितलं, तिने नेहमीप्रमाणे जपानीत विचारलं, "निसेमोनो?" म्हणजे, खोटा? मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, मग कुणाला माहीत आहे? मी म्हणाले, कुणालाच नाही, आणि होणारही नाही. तिने कार्डाकडे बघितलं आणि परत पुस्तकात मान घातली. नवरा म्हणाला, "तू एवढी का मनाला लावून घेतेस? पार्ट-टाइम जॉब आहे तो." त्याच्यावर मी जी काही बरसले, त्यात बिचाऱ्याची चूक नव्हती.

शेवटच्या दिवशी संग्रहालयाचा तो नम्र मुलगा खोकी आणि टेम्पो घेऊन आला. शाचो आणि मी एकेक शिक्का कागदात गुंडाळून देत होतो. मधली पेटी शेवटी. शाचोंनी आदल्या दिवशीच पाटी लिहून ठेवली होती, स्वतःच्या हाताने, शाई-ब्रशने, सुंदर अक्षरात. जपानीत एकच शब्द. नक्कल. खाली कुणाचंही नाव नव्हतं. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "खाली इंग्रजीत लिहा."

"मी नाही लिहिणार," मी म्हणाले.

"ओकुसान."

"अहो, ती बाई तुमच्यासमोर काय बोलली? ठरवता येत नाही म्हणाली ना? मग 'ठरवता येत नाही' असं लिहू. आणि खाली त्यांचं नाव लिहू. सापडला तर त्यांनाच होता ना! हे काय नक्कल नक्कल लावलंय तुम्ही!" जपानीत एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. संग्रहालयाचा मुलगा पायऱ्यांवर थबकला आणि अदबीने दोन पायऱ्या खाली उतरला.

शाचो रागावले नाहीत. "आणि वाचणारा विचारील, का ठरवता येत नाही," ते म्हणाले. "मग कुणीतरी त्याला सांगेल. त्या उत्तराच्या शेजारी तिचं नाव असेल, आपण सगळे गेल्यावरही. नक्कल लिहिलं तर कुणी काही विचारत नाही." मग पाटीची कड सरळ करत म्हणाले, "मी फसलो. त्यात काय एवढं? मी साधा दुकानदार माणूस."

शेवटी पाटी पुढ्यात ओढली. मी खाली इंग्रजीत 'कॉपी' असं लिहिलं. माझं अक्षर वाकडं आलं.

मुलाने पाटी वाचली, एकदा शिक्क्याकडे, एकदा शाचोंकडे बघितलं. त्याला वाईट वाटलं असावं, पण त्याचं कामच ते. त्याने वाकून नमस्कार केला, शिक्का पाटीसकट बाजूच्या टेबलावर सरकवून ठेवला आणि उरलेली खोकी खाली नेली. टेम्पो गेला. खोलीत भिंतींवर पेट्यांचे फिकट चौकोन राहिले, आणि टेबलावर तो.

मी खाली जाऊन कचरा वेगळा करायला लागले. जळणारा, न जळणारा, काच, धातू. पिशव्या बांधून झाल्यावर बघते तर शाचो शिक्का घेऊन खाली आलेले. गल्ल्यामागे गेले आणि त्यांनी तो खण उघडला. वास आला. पावडरचा डबा, ब्रश, फडकं, सगळं त्यांनी काढलं. दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि काकू बसायची तसे बसले.

"आता हरकत नाही ना," ते म्हणाले. "खोटाच आहे."

आणि घासायला लागले. त्यांना येत नव्हतं. पावडर फार घेतली, त्या दिवसासाठी घातलेल्या सुटाच्या बाहीवर सांडली. ब्रश कोरायच्या हत्यारासारखा धरलेला. पण जोर लावून घासत होते, दात आवळून, खाचाखाचांत. अक्षरांत, पंखांत, दोन्ही चोचींत. गल्लीतली एक शेजारीण थांबली, माझ्याकडे एकदा बघून पुढे गेली. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मी हात पुढे केला नाही. हा माझा आहे, असं म्हणायला तिथे कुणी नव्हतं, तरी केला नाही.

फडक्याने पुसून त्यांनी तो उन्हात धरला. पितळ भगभगत होतं. गरुडाची एक मान जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

"ओकुसान, तुम्ही तिला घासताना बघितलंय," शाचो म्हणाले. "तिच्यासारखा झाला का हो?"

मी हो म्हणाले. त्यांनी डब्यातून आणखी पावडर घेतली.